एका शब्दाचा अर्थपालट आणि मार्टिन ल्यूथर

१५०५ च्या जुलैमध्ये एरफुर्ट येथील ऑगस्टिनियन मठात प्रविष्ट झालेला मार्टिन ल्यूथर मठाचे नियम कसोशीने पाळीत असे. उपवास, जागरणे, प्रार्थना यांत त्याने कसूर केली नाही. परंतु पापनिवेदनास बसला म्हणजे त्याचे निवेदन संपतच नसे. सांगितलेल्या पापापेक्षा सांगावयाचे राहून गेलेले पाप त्याला अधिक छळी. एरिक एरिक्सन याने १९५८ मध्ये या अस्वस्थतेचा उलगडा मनोविश्लेषणाच्या मार्गाने करून पाहिला. त्या मार्गाचे गुणदोष काहीही असोत. ल्यूथरने स्वतः १५१८ मध्ये जी हकिगत लिहून ठेवली आहे तीत या यातनेचा आणि तिच्यातून झालेल्या सुटकेचा संबंध एका शब्दाशी जोडलेला आहे.

तो शब्द ‘पोएनितेन्तिया’. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू आपल्या उपदेशाचा आरंभ ज्या आज्ञेने करतो, ती व्हल्गेट या लॅटिन बायबलात ‘पोएनितेन्तियाम आगिते’ अशी आली आहे. प्रारंभी तिचा अर्थ काहीही असो, मध्ययुगीन वाचकाच्या कानी ती ‘प्रायश्चित्त करा’ अशीच पडे. प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन केलेच पाहिजे, असा नियम चौथ्या लॅटेरन परिषदेने १२१५ मध्ये घालून दिला होता. अनुताप, निवेदन आणि पापाची भरपाई ही या संस्काराची तीन अंगे. त्यांतही ईश्वरप्रेमातून उपजलेला अनुताप तेवढा पूर्ण आणि शिक्षेच्या भयातून उपजलेला अपूर्ण, असा भेद शास्त्रकारांनी केला होता. ल्यूथरची अडचण नेमकी येथे होती. आपला अनुताप भयातूनच उपजलेला नाही, हे माणसाने कशावरून ठरवावे?

येथे व्युत्पत्तीचा एक विलक्षण योग आहे. या शब्दाचे अभिजात लॅटिनमधील रूप ‘पाएनितेन्तिया’ असून, त्याचे नाते ‘जवळजवळ’, ‘उणे’ अशा अर्थाच्या ‘पाएने’ या अव्ययाशी असावे, असे व्युत्पत्तिकार मानतात. पुढे ‘पोएना’ म्हणजे शिक्षा, या शब्दाच्या सान्निध्याने त्याचे लेखनही बदलले आणि छायाही बदलली. ज्यात मुळात केवळ उणेपणाची जाणीव होती, त्यात दंड येऊन बसला.

३० मे १५१८ रोजी ल्यूथरने आपला मठाधिकारी योहान फॉन श्टाउपिट्झ यास लिहिलेले पत्र या दृष्टीने फार मोलाचे आहे. खरा अनुताप ईश्वराच्या व न्यायाच्या प्रेमापासून सुरू होतो, इतर ज्याला शेवट मानतात तो वस्तुतः आरंभ होय, हे श्टाउपिट्झचे बोलणे आपल्या मनात बाणासारखे रुतून बसले, असे तो त्यात कळवितो. त्यानंतर मूळ ग्रीक शब्द ‘मेतानोइया’ त्याच्या ध्यानी आला: ‘मेता’ म्हणजे नंतर किंवा पलीकडे, ‘नूस’ म्हणजे मन, अर्थात मनाचे पालटणे. जो शब्द सर्व शास्त्रात कडू वाटे, तोच गोड झाला.

हा शोध ल्यूथरचा नव्हे. लोरेन्झो व्हाल्ला याने तो पंधराव्या शतकातच लावला होता. व्हाल्लाच्या टिपा एरास्मसने १५०५ मध्ये छापल्या आणि १५१६ च्या आपल्या ग्रीक नव्या कराराच्या टिपांत ‘रेसिपिस्किते’, म्हणजे ‘भानावर या’, असा पर्याय सुचविला. मग जी टीप एरास्मसच्या हाती टीपच राहिली, तिने ल्यूथरचे आयुष्य का पालटावे? व्हाल्ला आणि एरास्मस यांच्यापुढे पाठाचा प्रश्न होता. ल्यूथरपुढे स्वतःचा होता.

त्याचे उत्तर १५१५-१६ मधील रोमकरांस पत्रावरील व्याख्यानांत दिसते. (ही व्याख्याने १९०८ पर्यंत अप्रकाशित होती.) तेथे एका रोग्याचा दृष्टान्त आहे. वैद्याने बरे करण्याचे वचन दिले आहे व रोग्याचा त्यावर विश्वास आहे. असा मनुष्य वस्तुतः आजारीच, पण वैद्याच्या वचनाच्या बळावर निरोगी. त्याचप्रमाणे श्रद्धावान मनुष्य एकाच वेळी पापी आणि नीतिमान असतो. यात रोग नाकारलेला नाही. आशेचे ठिकाण तेवढे रोग्याच्या प्रकृतीतून वैद्याच्या शब्दात हलविले आहे. १५१७ च्या ९५ प्रबंधांतील पहिल्यात श्रद्धावंताचे सारे जीवनच अनुताप म्हटले आहे, त्याचाही अर्थ यावरून लागतो. पूर्णत्वाची अट राहिली असती, तर आयुष्यभराचा अनुताप ही आयुष्यभराची शिक्षाच ठरली असती.

१५४५ च्या प्रस्तावनेत ल्यूथरने आपल्या बोधाचे जे नाट्यपूर्ण वर्णन केले आहे, त्यावर कालनिर्णयासाठी विसंबणे धोक्याचे आहे. वृद्धपणीची स्मृती घटना एका क्षणात गोळा करते. पत्र आणि व्याख्याने हीच समकालीन साधने होत.

गंमत अशी की, १५२२ मध्ये नवा करार जर्मनमध्ये आणताना ल्यूथरने ‘मेतानोइया’साठी ‘बूसं’ हाच रूढ शब्द ठेवला. त्यात दंड व भरपाई यांचा वास होता. मात्र त्याचे मूळ ‘बेसर’, म्हणजे ‘अधिक चांगले’, याच शब्दाच्या कुळातले. मराठी बायबलातील ‘पश्चात्ताप’ हा शब्दही असाच दुपदरी आहे: ‘पश्चात्’ हे पद ‘मेता’शी जुळते, ‘ताप’ मात्र ‘पोएना’च्या बाजूचा.

या सिद्धान्ताने त्याच्या कर्त्याला सर्वत्र नम्र केले नाही. १५४३ मध्ये त्याने यहुद्यांविरुद्ध लिहिलेले पुस्तक वाचताना, स्वतःस पापी म्हणविणाऱ्या या लेखकाला तेथे आपले पाप दिसले नाही, असेच म्हणावे लागते. १८ फेब्रुवारी १५४६ रोजी आइसलेबेन येथे तो वारला. दोनच दिवसांपूर्वी त्याने लिहिलेल्या एका चिठ्ठीचा मजकूर उपलब्ध आहे. तिच्या शेवटी त्याने सर्व माणसांची गणना भिकाऱ्यांत केली आहे: हे विधान जर्मनमध्ये, आणि ते खरे असल्याची ग्वाही लॅटिनमध्ये.