जुनी लाकडी होडी, जुने इंजिन आणि जोडी जुळविण्याचे गणित

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन, मिशिगन, न्यूयॉर्क या राज्यांत आणि कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात तळ्याकाठच्या घरांना लागून होड्या ठेवण्याच्या शेड असतात. अशा एखाद्या शेडमध्ये आजोबांच्या काळातील लाकडी होडी धूळ खात पडलेली सापडते. तितकेच जुने आउटबोर्ड इंजिनही तेथेच कोपऱ्यात किंवा जुन्या बाजारात मिळून जाते. दोन्ही जुनी, म्हणजे जोडी जमली, असा नव्या मालकाचा समज होतो. मात्र १९२५ सालची वल्ह्यांची होडी आणि १९५८ सालचे पन्नास अश्वशक्तीचे इंजिन यांना आज एकच 'जुने' हे विशेषण लागत असले, तरी ती एकमेकांसाठी बनलेली नाहीत. असे इंजिन पूर्ण वेगाने चालविले, तर ते त्या होडीची मागची फळी उखडून नेऊ शकते.

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या पोटात न बसविता मागच्या उभ्या फळीवर क्लॅम्पने अडकविलेले इंजिन. या फळीला 'ट्रान्सम' म्हणतात. इंजिन, खाली पाण्यात जाणारा दांडा आणि त्याच्या टोकाचा पंखा असा हा एकच संच असतो. साधारणपणे वेगळे सुकाणू लागत नाही, इंजिनच वळविले की होडी वळते.

हा प्रकार प्रथम कोणी केला, यावर संग्राहकांत आजही वाद रंगतात. डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमनने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अशी इंजिने विकली होती. मात्र नाव झाले ते मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराचे. १९०६ च्या उन्हाळ्यात तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणण्यासाठी त्याने वल्ही मारली, परतेपर्यंत आइस्क्रीम वितळले आणि इंजिनाची कल्पना सुचली, अशी कथा सांगितली जाते. १९०९ मध्ये बाजारात आलेले त्याचे इंजिन दीड अश्वशक्तीचे आणि ६२ पौंडांचे, म्हणजे सुमारे २८ किलोचे होते. पुढे १९२१ मध्ये एव्हिनरूडनेच 'एल्टो' हे ॲल्युमिनियमचे हलके, दोन सिलिंडरचे इंजिन आणले. त्याच सुमारास इंडियाना राज्यातील जॉन्सन बंधूंनी दोन अश्वशक्तीचे अवघे ३५ पौंडांचे इंजिन विकण्यास सुरुवात केली.

हे आकडे महत्त्वाचे आहेत. त्या काळातील होड्या मुळात वल्ह्यांसाठी बांधलेल्या होत्या आणि दोन-तीन अश्वशक्ती हे त्यांना लाभलेले मोठे सुख होते.

तळ पाहावा, मग इंजिन

जोडी जुळविताना इंजिनापासून नव्हे, तर होडीच्या तळापासून सुरुवात करावी लागते. वल्ह्यांच्या होडीचा तळ गोलसर आणि मागे निमुळता होत वर उचललेला असतो. अशी होडी पाणी बाजूला सारत चालते आणि तिला निसर्गानेच वेगमर्यादा घातलेली असते. पाण्यावरील लांबीच्या फुटांचे वर्गमूळ काढून त्यास १.३४ ने गुणले की ही मर्यादा सागरी मैलांत मिळते. १६ फुटांच्या होडीसाठी हे उत्तर येते सुमारे ५.४, म्हणजेच ताशी दहा किलोमीटर. त्यापुढे कितीही ताकद लावली, तरी होडी स्वतःच उठविलेल्या लाटेत अडकते. मागचा भाग खाली बसतो, नाळ आकाशाकडे जाते आणि वेग मात्र फारसा वाढत नाही. वाढतो तो फळ्यांवरचा ताण.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदलले. ओहायोतील सँडस्की येथील लायमन किंवा विस्कॉन्सिनमधील पेश्टिगो येथील थॉम्पसन यांच्या १९५० च्या दशकातील आउटबोर्ड होड्यांचा तळ मागे रुंद आणि सपाट होत जातो. त्या पाणी कापत नाहीत, तर वेग घेतला की पाण्यावर चढून घसरत धावतात. अशा होडीला दोन अश्वशक्तीचे इंजिन लावणे हाही अन्यायच. तिला बांधणारांनीच दहा, पंचवीस किंवा अधिक अश्वशक्ती गृहीत धरलेली असते.

जुन्या होडीवर क्षमतेची पाटी नसते, कारण अमेरिकेत ती सक्ती १९७० च्या दशकात आली. तेव्हा तटरक्षक दलाच्या नियमांतील एक कोष्टक अंदाजासाठी उपयोगी पडते. होडीची लांबी आणि ट्रान्समची रुंदी फुटांत घेऊन गुणाकार करावा. गुणाकार ३५ पर्यंत असेल तर तीन, ३६ ते ३९ असेल तर पाच, ४० ते ४२ असेल तर साडेसात आणि ४३ ते ४५ असेल तर दहा अश्वशक्ती. १४ फूट लांब व तीन फूट रुंद ट्रान्समच्या होडीचे उत्तर ४२, म्हणजे साडेसात अश्वशक्ती. मात्र ही नव्या, धडधाकट होडीची कमाल मर्यादा आहे. ऐंशी वर्षांच्या सीडरच्या फळ्यांसाठी तिच्या बरेच खाली राहणेच शहाणपणाचे. जुन्या-नव्या अश्वशक्तीतही फरक आहे. पूर्वी ती क्रँकशाफ्टवर मोजत, १९८० च्या दशकाच्या मध्यापासून ती पंख्याच्या दांड्यावर मोजू लागले. त्यामुळे जुन्या इंजिनावरील दहाचा आकडा आजच्या दहापेक्षा कमी भरतो.

एका फळीवर सारा भार

यानंतर पाळी ट्रान्समची. तळापासून ट्रान्समच्या वरच्या कडेच्या मध्यापर्यंतची उंची मोजतात. आखूड दांड्याच्या इंजिनासाठी ती १५ इंच, लांब दांड्याच्या इंजिनासाठी २० इंच असावी. ट्रान्सम जास्त उंच असेल, तर पंखा हवा ओढतो आणि इंजिन नुसतेच भरधाव फिरते. ठेंगणा असेल, तर दांडा नको तितका खोल जाऊन पाण्याचा अडथळा वाढतो. वल्ह्यांच्या काही देखण्या होड्यांचा ट्रान्सम पेल्याच्या आकाराचा, अरुंद आणि उंच असतो. तेथे मूळ लाकूड कापून खाच पाडण्याचा मोह अनेकांना होतो. हा मोह टाळलेलाच बरा. काढता येणारा ब्रॅकेट लावता येतो, पण कापलेली कड परत येत नाही.

लाकूड किती शाबूत आहे, हे रंगावरून कळत नाही. टोकदार आरीने ठिकठिकाणी टोचून पाहतात. आरी सहज आत शिरली, तर लाकूड कुजलेले आहे असे समजावे. ट्रान्समच्या आतून आधार देणारा कोपऱ्याचा लाकडी गुडघा सैल झाला असेल, तर आधी तो बसवावा लागतो. कारण इंजिनाचा सगळा रेटा आणि सगळी थरथर येथूनच होडीत उतरते. या थरथरीचा हिशेबही निवडीत धरावा. सुरुवातीची एका सिलिंडरची इंजिने होडीला अक्षरशः हलवून काढतात. जॉन्सनच्या हलक्या इंजिनासारख्या समोरासमोरील दोन सिलिंडरच्या रचनेत दोन्ही दट्टे एकाच वेळी विरुद्ध दिशांना जातात, त्यामुळे बराचसा धक्का परस्पर विरून जातो. रिव्हेट ढिले झालेल्या होडीला ही दुसरी रचनाच मानवते.

वजनाचा प्रश्नही येतोच. वल्ह्यांच्या होडीत माणूस मध्यभागी बसतो. इंजिन आणि चालविणारा असे दोघेही मागे गेले की तोल बिघडतो. पुढे एखादा प्रवासी बसविणे किंवा इंजिनाच्या मुठीला लांब दांडी जोडून चालविणाऱ्याने मध्याकडे सरकणे, हे त्यावरील साधे उपाय आहेत.

प्रदर्शनांत होडी आणि इंजिन एकाच काळातील असावीत, असा आग्रह असतो. तो रास्त आहे, पण रोज तळ्यावर जाणाऱ्याने थोडा विचार करावा. १९२० च्या दशकातील बहुतेक इंजिनांना न्यूट्रल नसतो. दोरी ओढली, इंजिन पेटले की होडी त्याच क्षणी निघते. पुढे, मागे आणि न्यूट्रल असा गिअर व वेगळी इंधन टाकी घेऊन जॉन्सनचे दहा अश्वशक्तीचे इंजिन १९४९ मध्ये आले आणि धक्क्यावरचा गोंधळ कमी झाला. अर्थात त्या काळातील टाक्यांत हवेच्या दाबाने पेट्रोल ढकलले जाते. रबरी नळ्या आणि सील जुने झाले की ते ठिबकते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने होडीच्या तळाशी साचते आणि मग एक ठिणगी पुरते. त्यामुळे नळ्या, सील आणि पाणी खेचणारा रबरी इम्पेलर बदलल्याशिवाय असे इंजिन चालवू नये.

टू-स्ट्रोक स्कूटर चालविलेल्या वाचकांना पेट्रोलमध्ये ऑइल मिसळण्याची सवय आठवत असेल. ही इंजिनेही त्याच जातीची, पण त्यांची तहान मोठी. महायुद्धापूर्वीच्या ब्राँझ बेअरिंगच्या इंजिनांना सोळा भाग पेट्रोलला एक भाग ऑइल द्यावे लागते, १९५० च्या दशकातील बहुतेकांना चोवीसला एक. आजच्या पन्नासास एक या मिश्रणावर ती अडकून बसतात.

सुट्या भागांचा विचार सर्वांत शेवटी केला जातो, खरे तर तो आधी करावा. जॉन्सन आणि एव्हिनरूड ही दोन्ही नावे १९३६ पासून ज्या कंपनीच्या छत्राखाली होती, ती आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन २००० च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली. एव्हिनरूडचे उत्पादनही २०२० मध्ये थांबले. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या अँटिक आउटबोर्ड मोटर क्लबसारख्या संस्थांच्या मेळाव्यांत भागांची देवघेव चालते, पण तेथेही दुर्मीळ इंजिनाचा भाग मिळण्यास वर्षे लागू शकतात. म्हणून १४ फुटी, मजबूत ट्रान्समच्या होडीच्या नवख्या मालकाने १९५० च्या दशकाच्या मध्यातील साडेपाच अश्वशक्तीचे जॉन्सन किंवा एव्हिनरूड घ्यावे. ती मोठ्या संख्येने बनली, त्यांना न्यूट्रल आहे आणि भाग अजून मिळतात. इंजिन चढविण्यापूर्वी होडी काही दिवस पाण्यात भिजवून फळ्या फुगू द्याव्यात. पहिली फेरी काठाजवळूनच मारावी आणि वल्ही सोबत ठेवावीत.