२३ सप्टेंबर : असईचा कर्नल, शिरूरचा सत्पुरुष

१८०३ साली आजच्या दिवशी असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. नाव झाले इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीचे. पण त्याच्या पायदळाची एक ब्रिगेड सांभाळणारा विल्यम वॉलेस आपल्या पुणे जिल्ह्याला अधिक जवळचा. वसईच्या तहानंतर पेशव्यांच्या खर्चाने ठेवलेल्या तैनाती फौजेचा तळ घोडनदीकाठी शिरूरला पडला. वॉलेस पुढे तिचा सेनापती झाला आणि १८०९ मध्ये शिरूरलाच वारला. परक्या फौजेतल्या या अधिकाऱ्याला इथल्या लोकांनी ‘सत्पुरुष’ मानले, हे विलक्षणच! १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये नोंद आहे : सुगीत शिरूर आणि आसपासच्या गावांतले लोक पहिल्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्यावर आणत.