शिवण आणि सूचर

दवाखान्यात कुणी म्हणालं, ‘सूचर घेतले,’ म्हणजे टाके घातले, की शब्द परका वाटतो. पण तो आपल्या ‘शिवण’चा दूरचा भाऊ आहे. लॅटिनमध्ये ‘सुएरे’ म्हणजे शिवणे, त्यातून हा ‘सूचर’ आला. संस्कृतात ‘सीव्यति’, त्यातून आपलं ‘शिवणे’. ‘सूत्र’, म्हणजे आपलं सूत, तेही याच कुळातलं मानतात.

प्राचीन शस्त्रवैद्य सुश्रुताच्या शिवणाच्या डब्यात काय काय होतं! तागाचा, अळशीचा धागा, केस, स्नायुबंध, गुळवेलीचे तंतू. फाटलेल्या आतड्यावर तर काळे मुंगळे चावायला लावून त्यांची मुंडकी तिथेच ठेवायची.

‘कॅटगट’ हे नाव मात्र फसवं आहे. त्यात मांजर नाही. धागा मेंढीच्या किंवा गाईच्या आतड्याचा. तो शरीरातच पचून जातो. आता त्याच्या जागी बहुतेक वेळा पॉलिग्लॅक्टिन हा कृत्रिम धागा वापरतात. विणलेला, हाताला मऊ, साधारण दोन-अडीच महिन्यांत विरघळणारा. आतल्या थरांना तोच बरा.

कातडीला नायलॉन. एकेरी, गुळगुळीत, त्यामुळे जंतूंना लपायला जागा कमी. पण भारी हट्टी: वळण विसरत नाही, गाठ सुटू पाहते, म्हणून गाठीवर गाठी. रेशीम याउलट गाठीला गुणी, पण विणीत जंतू धरून ठेवतं.

गुडघ्याला टाके पडले की नायलॉनची काळी टोकं मिशांसारखी उभी असतात. पँटला अडकतात तेव्हा कळतं, टाका किती ताठ आहे ते.