बारामती-इंदापूर नगरपरिषद : धंद्याचे नियम कोण ठरवतं, कराचा पैसा कुठून येतो?

फळांची गाडी, बांगड्यांचं दुकान, पानपट्टी, मटण-चिकनचं दुकान, गॅरेज, बेकरी. बारामती आणि इंदापुरात अशा धंद्यांवर आपल्या समाजातली बरीच घरं चालतात. त्यांच्या रोजीरोटीचे अनेक निर्णय नगरपरिषदेत होतात. म्हणून तिचे अधिकार आणि आपले हक्क माहीत असायला हवेत.

कारभार कोणाचा?

दोन्ही नगरपरिषदा १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमावर चालतात. नगराध्यक्ष थेट जनता निवडते, ठराव सभागृह करतं आणि अंमलबजावणी मुख्याधिकारी करतात. काही वर्षं प्रशासकांच्या हाती असलेला कारभार डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीनंतर पुन्हा नगरसेवकांकडे आला. त्यामुळे आता आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाला जाब विचारता येतो.

कराची वाटणी

पूर्वी गावात येणाऱ्या मालावर नगरपरिषद जकात घ्यायची. राज्यातल्या नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाली आणि बदल्यात सरकारचं सहायक अनुदान सुरू झालं. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. राज्यातल्या राज्यात झालेल्या विक्रीवरचा जीएसटी केंद्र आणि राज्यात निम्मा-निम्मा जातो. नगरपरिषदेचा त्यात थेट वाटा नाही. व्यवसाय करही राज्याच्या तिजोरीत जातो.

नगरपरिषदेच्या हातात राहतात मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळेभाडं, बाजार फी आणि परवाना फी. जागेच्या खरेदी-विक्रीवर मुद्रांक शुल्कासोबत घेतला जाणारा १ टक्का अधिभारही तिच्यासाठी असतो. शिवाय वित्त आयोगाचं अनुदान येतं. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी अशा लहान शहरांच्या अनुदानातला ६० टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवला होता. म्हणजे बाहेरून येणारा पैसा हवा तिथं वापरता येत नाही, आणि उत्पन्न वाढवायचं म्हटलं की नजर घरपट्टी, गाळेभाडं आणि बाजार फीकडे वळते.

घरपट्टी वाढली तर

मालमत्ता कराची आकारणी यादी चार वर्षांतून एकदा तरी पूर्ण तपासावी लागते. नवी यादी लागली की हरकती मागवल्या जातात. नोटिशीतल्या मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते, त्यामुळे बिल पडून ठेवू नका.

हातगाडीवाल्यांचे हक्क

पथविक्रेता कायदा १ मे २०१४ पासून लागू आहे. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा :

- दर पाच वर्षांनी किमान एकदा विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायला हवं. ते पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही.
- जागेवरून हटवायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस हवी.
- माल जप्त केला तर त्याची यादी द्यावी लागते. दंड भरून मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवा.
- नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असतात. त्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. अल्पसंख्याकांनाही योग्य प्रतिनिधित्व द्यावं, असं कायदाच सांगतो.

गाडी कुठं लावायची आणि कुठं नाही, हे ठरवताना या समितीचं म्हणणं विचारात घ्यावं लागतं. म्हणून सर्वेक्षणाच्या वेळी गाडीवर हजर राहा, मतदार यादीत नाव आहे का बघा आणि घरातल्या बायका विक्री करत असतील तर त्यांचीही नोंद करून घ्या. नोंदच नसेल तर हक्क सिद्ध करणं अवघड जातं.

दुकानदारांसाठी

मटण-चिकनच्या दुकानाला नगरपरिषदेची परवानगी आणि अन्न सुरक्षा नोंदणी, दोन्ही लागतात. एक असली म्हणून दुसरी माफ होत नाही. दुकान छोटं असलं तरी पाटी मराठीत, देवनागरी लिपीत हवी. गाळा भाड्याने घेतला असेल तर करारनामा आणि भाड्याच्या पावत्या एकत्र ठेवा.

रोजच्या बाजार फीची पावतीही फेकू नका. त्या जागेवर आपण किती वर्षं धंदा करतोय, हे दाखवायला तीच कामी येते. आणि सभागृहात दरवाढीचा ठराव येण्याआधीच नगरसेवकाला भेटा. ठराव झाल्यावर तो फिरवणं कठीण असतं.