ओठ केव्हा जुळतो?

१६ फेब्रुवारी १९८० च्या दुपारी सावंतवाडीजवळच्या आमच्या गावात अंधारून आले. खग्रास ग्रहणाचा पट्टा आमच्या दक्षिणेला, कारवार-अंकोल्यावरून गेला. आमच्याकडे सूर्याची बारीक कोर तेवढी उरली होती. माझी आत्या तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. सासूबाईंनी तिला माजघरात बसवून ठेवले होते, पण थोरल्या मुलाने भुकेने रडून गोंधळ घातला, म्हणून ती उठली आणि विळीवर एक पेरू चिरून तिने त्याच्या हातात दिला. जूनमध्ये मुलगा झाला. त्याचा वरचा ओठ डाव्या बाजूला नाकपुडीपर्यंत दुभंगलेला होता. पुढे शस्त्रक्रिया झाली, आणि आज त्याच्या मिशीखालचा व्रण शोधावाच लागतो. तो पेरू मात्र घरातून गेला नाही. आत्याला तोंडावर कोणी दोष दिला असे मला आठवत नाही. पण लग्नाकार्यात भावाची ओळख करून देताना ‘हा ग्रहणातला’ एवढे म्हटले जाई, आणि आत्या पदर सावरून आत निघून जाई.

मी इतिहासाचा मास्तर. गर्भशास्त्राशी माझा संबंध आला तो या एका शब्दामुळे.

आईवर ठपका ठेवण्याची रीत एकट्या आपली नाही. इंग्लंडात गरोदर बाईच्या वाटेत ससा आडवा गेला की मूल सशाच्या ओठाचे होते, असा समज होता. त्या भाषेत या व्यंगाचे नावच सशावरून पडले. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीचे डोहाळे अपुरे राहिले तर अपत्य कुबडे, लुळे किंवा डोळ्याने अधू निपजते असे सांगितले आहे. निदान तिथे दोष डोहाळे न पुरवणाऱ्या घराकडे जातो, हे मला त्यातल्या त्यात बरे वाटते. त्याच ग्रंथात गर्भाचा कोणता अवयव आधी होतो यावर एक रंगलेला वाद आहे. शौनक म्हणतो डोके, कृतवीर्य म्हणतो हृदय, पराशर म्हणतो नाभी; आणि धन्वंतरीचा निर्णय असा की सगळे एकदमच होते, फक्त सूक्ष्म असल्यामुळे दिसत नाही.

ते सूक्ष्म पाहण्याची खटपट करणाऱ्यांत विल्यम हार्वी हे मोठे नाव. रक्ताभिसरणामुळे आपण त्याला ओळखतो. पण १६५१ साली, म्हातारपणी, त्याने प्राण्यांच्या उत्पत्तीवर ग्रंथ छापला. राजा पहिला चार्ल्स याने शिकारीत मारलेल्या हरणांचे गर्भाशय त्याने उघडून पाहिले होते. त्यात तो एक गोष्ट जाता जाता नोंदवतो. सगळ्याच प्राण्यांच्या, माणसाच्यासुद्धा, कोवळ्या गर्भाला ओठ नसतात आणि तोंडाची फट या कानापासून त्या कानापर्यंत असते. पुष्कळ मुले दुभंगलेल्या ओठाची जन्मतात त्याचे कारण बहुधा हेच असावे. या एका वाक्याने प्रश्न उलटा झाला. ओठ फाटतो कशाने, असे सगळे विचारत होते. हार्वीच्या म्हणण्याप्रमाणे तो आधी उघडाच असतो. विचारायचे ते हे की जुळायचा राहतो का.

केव्हा आणि कसा जुळतो, हे सांगायला आणखी सव्वादोनशे वर्षे लागली. ते काम केले विल्हेल्म हिस याने. जन्म १८३१, बाझेलचा. १८७२ पासून लाइपझिगला शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक. गर्भाचे पातळ काप एकामागून एक, मधला एकही न गमावता काढता यावेत म्हणून त्याने स्वतः मायक्रोटोम तयार केला. प्रत्येक कापाचे मोठे चित्र काढायचे आणि मग ते सगळे काप पुन्हा एकावर एक रचून मूळ आकार उभा करायचा, अशी त्याची पद्धत. त्या आकारांच्या मेणाच्या प्रतिकृती फ्रायबुर्गच्या त्सीग्लर यांच्या कार्यशाळेत होत. गर्भ मिळत ते डॉक्टरांकडून, गर्भपातानंतर. १८८० ते १८८५ या काळात निघालेल्या त्याच्या मानवी भ्रूणाच्या ग्रंथात हे भ्रूण अक्षरांनी ओळखले जातात. ते ज्यांच्या पोटातून आले त्या बाया तिथे कुठेच नाहीत.

या ग्रंथाने आणि त्यानंतरच्या शंभर वर्षांच्या कामाने जे कळले ते थोडक्यात असे. चौथ्या आठवड्यात तोंडाच्या जागी एक खळगा असतो आणि त्याच्याभोवती पाच उंचवटे: वर कपाळाचा एक, बाजूंना वरच्या जबड्याचे दोन, खाली खालच्या जबड्याचे दोन. खालचे दोन लवकर मिळतात. हनुवटी आधी होते. पाचव्या आठवड्यात कपाळाच्या उंचवट्यावर नाकाचे दोन खड्डे पडतात आणि त्यांच्या कडा फुगतात. डोळे या वेळी माशासारखे दोन बाजूंना असतात, कान मानेपाशी. मग गालांकडचे उंचवटे आत सरकत येतात आणि नाकाच्या आतल्या कडांना भिडतात. नुसते भिडून भागत नाही. दोघांवरही पेशींचा पातळ पापुद्रा असतो. तो विरावा लागतो, तेव्हा आतले मांस एक होते. सातव्या आठवड्याच्या अखेरीस वरचा ओठ पुरा झालेला असतो. आरशात पाहिले तर नाकाखाली जी उभी पन्हळ दिसते, तिच्या दोन कडा या जोडाच्या आसपासच्याच.

हेकेलशी हिसचे मोठे भांडण झाले. दुमडलेले पत्र आणि रबरी नळी वाकवून हिस गर्भाच्या घड्या समजावत असे, त्याची हेकेलने टर उडवली. हेकेलने कुत्रा, कोंबडी आणि कासव या तिघांचे गर्भ म्हणून एकच ठसा तीनदा छापला, यावरून हिसने त्याला जाहीर बोल लावला. तो सगळा पसारा इथे नको. मला जास्त ओढ आहे ती १८९४ च्या एका घटनेची. लाइपझिगच्या योहानिस चर्चपाशी खोदताना एक सांगाडा मिळाला, तो संगीतकार बाखचा असावा असा कयास होता. शहानिशा हिसकडे आली. त्याने दोन डझनांहून अधिक प्रेतांच्या चेहऱ्यांवर ठरावीक जागी सुई टोचून मांसाची जाडी मोजली, आणि त्या मापांनी कार्ल सेफ्नर या शिल्पकाराने कवटीच्या प्रतिकृतीवर चेहरा चढवला. सहा आठवड्यांच्या भ्रूणाचा चेहरा मांडणाऱ्या माणसानेच दीडशे वर्षांपूर्वी गेलेल्याचाही मांडला.

त्याच हिसच्या हातून मात्र एक गोष्ट निसटली. १८६८ साली कोंबडीच्या गर्भात, मज्जारज्जूच्या कडेला त्याने पेशींची एक पट्टी पाहिली होती. आज तिला न्यूरल क्रेस्ट म्हणतात. तिच्यातून मज्जातंतूंच्या गाठी होतात इतके त्याने ओळखले. पण चेहऱ्याची बहुतेक हाडे आणि कूर्चा याच पेशी डोक्याच्या मागून पुढे चालत येऊन घडवतात, हे त्याला कळले नाही. ते म्हटले १८९३ साली जुलिया प्लॅट या अमेरिकन बाईने, एका जलचर सॅलमँडरच्या गर्भावरून. कोणी ऐकले नाही. फ्रायबुर्गची डॉक्टरेट मिळूनही तिला विद्यापीठात जागा मिळाली नाही. ती कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक ग्रोव्ह गावी राहिली, समुद्राकडची वाट अडवणारे फाटक तिने कुऱ्हाडीने फोडले, आणि १९३१ साली त्या गावची महापौर झाली. तिचे म्हणणे निर्विवाद ठरले ते फ्रान्समध्ये निकोल ल द्वारँ यांनी १९६९ पासून लाव्याच्या पेशी कोंबडीच्या गर्भात लावून त्यांचा माग काढला तेव्हा.

या पेशी कमी पडल्या किंवा वेळेवर पोचल्या नाहीत तर जोड राहून जातो. जगभरात सातशे ते हजार जन्मांमागे एखादे असे मूल असते. कधी कारण घराण्याच्या जनुकांत असते, कधी एखाद्या औषधात, कधी आईच्या आहारातल्या उणिवेत. बहुतेकदा एकच बोट ठेवता येत नाही.

गेल्या मे महिन्यात मी आत्यासमोर वही उघडून बसलो. भाऊ जूनच्या तिसऱ्या आठवड्यातला, दिवस पूर्ण भरलेले. मागे मोजत गेलो तर गर्भ राहिला १९७९ च्या सप्टेंबरअखेरीस. सात आठवडे पुढे गेलो की नोव्हेंबरचा मध्य येतो, दिवाळीनंतरचे तीन आठवडे. ओठ जुळायचा तो तेव्हाच जुळायचा, किंवा राहायचा. ग्रहण तिथून तीन महिने लांब होते.

आत्याने चष्मा काढून पुसला. बराच वेळ ती बोटांवर महिने मोजत राहिली. माझ्या आकड्यांवर तिचा विश्वास बसला नसावा.

“म्हणजे कार्तिकात,” ती म्हणाली. “कार्तिकात आमची मळणी चालली होती. मला तर दिवस गेल्याचं नुकतंच कळत होतं रे.” मग थोडे थांबून, “सासूबाई असत्या तर त्यांना दाखवली असती ही वही.”

वही तिने ठेवून घेतली.