रेंगीची रांग, बुलेटची रांग

हलका धान चुरून झाला. मागच्या रविवारी तो गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर, अर्धा रस्ता सोडून, वाळत घातला होता. आंगण पुरत नाही, काय करता. नऊच्या सुमारास नागभीडकडून आवाज आला. मला वाटलं कोणी थ्रेशर सुरू केला. पाहतो तर पंधरा-सोळा मोटारसायकली एकामागे एक. बहुतेक बुलेट, दोन जुन्या येझदी. नागपूरचा क्लब होता. सकाळी निघायचं, घोडाझरीचा तलाव पाहायचा, ब्रह्मपुरीवरून वडशाकडे वैनगंगेच्या पुलापर्यंत जायचं आणि अंधाराच्या आत परत.

पुढच्या गड्यानं धान पाहून हात वर केला. मागचे हळू झाले. पण शेवटून तिसरा घसरला. दाण्यावर चाक गोट्यांवरून गेल्यावानी सरकते. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. चूक माझी होती, मी तसं बोललो. पोरगा म्हणाला, "काका, तुमचा धान उडाला." मग सगळेच खाली उतरून धान गोळा करू लागले. मी म्हटलं, राहू द्या जी, चहा घ्या.

चहा घेताना त्यांची पद्धत विचारली. पुढे चालतो तो 'लीड', त्याला रस्ता माहीत पाहिजे. सगळ्यात मागे चालतो तो 'स्वीप'. त्याच्याजवळ पाना, पंक्चरचं सामान, मलमपट्टी. त्याच्या मागे कोणी राहायचं नाही आणि लीडच्या पुढे कोणी जायचं नाही. हे ऐकून मला हसू आलं. हे तर आमच्या रेंगीचंच.

लहानपणी आम्ही शंकरपटाला आणि मंडईला रेंगीनं जायचो. एकटी रेंगी जंगलातून कोणी काढत नव्हता. पाच-सात रेंग्या सोबत निघायच्या. पुढे ज्याच्या बैलाला वाट पाठ आहे तो. बैल चुकत नाही, हाकणारा झोपला तरी. मागे जाणता माणूस, त्याच्या रेंगीत दोर, कुऱ्हाड, वंगण आणि कंदील. कोणाची आस मोडली की मागचा थांबवणार आणि हाक पुढपर्यंत जाणार. दिवसा पट, रात्री नाटक, पहाटे परत. वाघ तेव्हाही होता. म्हणून रांग. हौस होती, पण रांग हौसेची नव्हती.

गोऱ्यांच्या देशात ही हौस जुनी. लंडनला १९०१ साली मोटर सायकलिंग क्लब निघाला आणि १९०४ साली त्यांनी लंडन ते एडिनबरो अशी लांब सफर काढली. रॉयल एनफिल्डचीही पहिली मोटारसायकल १९०१ चीच, इंग्लंडातल्या रेडिच गावची. बुलेट हे नाव १९३२ चं. पण आपल्याकडे बुलेट हौसेसाठी आली नाही. १९५० नंतर सरहद्दीवर गस्त घालायला लष्कराला दणकट गाडी पाहिजे होती. सरकारनं ३५० सीसीच्या ८०० बुलेट मागवल्या. त्यातून १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी झाली. आधी तिकडून सुटे भाग यायचे आणि इथं जोडायचे, मग सगळंच इथं बनू लागलं. पुढं १९७० च्या आसपास इंग्लंडातला धंदा बंद पडला, मद्रासचा चालूच राहिला. मूळ झाड वाळलं आणि कलम जगलं, असं शेतकऱ्याला सांगितलं की लगेच समजते.

येझदीचंही तसंच. झेकोस्लोवाकियाची जावा १९६० नंतर म्हैसूरला बनू लागली, १९७३ पासून ती येझदी झाली. कारखाना १९९६ ला बंद पडला, गाड्या अजून चालतात. राजदूतची मूळ घडण पोलंडची, बनवायची एस्कॉर्ट्स. ट्रॅक्टरवाली तीच कंपनी. आपल्या भागात मास्तर, कंपाउंडर आणि दूधवाले यांनी राजदूत चालवली. एका गाडीवर दुधाचे चार कॅन आणि वर माणूस. १९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आली, पेट्रोल कमी पिऊ लागली, आणि या भारी गाड्या मागे पडल्या.

बुलेटला १९९४ साली वाचवलं ते आयशरनं. हीसुद्धा ट्रॅक्टरचीच कंपनी. पुढे २००५ ला त्यांनी ट्रॅक्टरचा धंदा विकला आणि बुलेट ठेवली. हिशेबात ते बरोबरच असेल. मला मात्र थोडं लागलं.

बुलेटनं नांगरही ओढला आहे. गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातले मनसुखभाई जगानी यांनी बुलेटचं मागचं चाक काढून तिथं दोन चाकं आणि अवजाराची दांडी बसवली. डवरणी, पेरणी तिच्यानं होते. बुलेट सांती म्हणतात तिला. बैल ठेवणं परवडेना, मजूर मिळेना, त्यातून निघालेली गोष्ट. आमच्या चिखलाच्या बांधीत ती चालायची नाही, ती कोरडवाहूची आहे. पण हे मी त्या पोरांना सांगितलं तेव्हा दोघांनी मोबाईलवर लगेच शोधून पाहिलं.

आता आमची रेंगी गेली. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यतीवर बंदी घातली, पट बसला, बैल विकले गेले. डिसेंबर २०२१ मध्ये मोकळीक मिळाली आणि मे २०२३ मध्ये कायदाही टिकला, पण सात वर्षांत गोठे रिकामे झाले होते. आता गावची पोरं नाटकाला मोटारसायकलनं जातात. एकावर तिघं, ज्याला जसं जमलं तसा निघतो. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. रात्री दोनला नाटक सुटते आणि एकटा पोरगा जंगलातून परत येते. ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघानं माणूस मारल्याची बातमी दर हंगामात वाचतो आपण. माझाही पोरगा जातो.

नागपूरच्या पोरांकडून मी स्वीपची पद्धत नीट लिहून घेतली. थांबायचं असेल तर कोणता हात दाखवायचा, किती अंतर ठेवायचं, मोजणी कुठं करायची. घरी पोराला वाचून दाखवली. तो म्हणाला, "बाबा, आम्ही का क्लबवाले आहो?" मी कोठ्यात नेऊन त्याला आजोबाचा कंदील दाखवला. काच फुटली आहे, दांडी शाबूत आहे.

या रविवारी धान आंगणातच वाळवला. अर्धाच मावला. बाकीचे कट्टे अजून ओलेच आहेत, आणि आभाळ आलं आहे.