वाणीचे स्वातंत्र्य आणि ज्ञातीचे कर्तव्य

झरी गाव ज्या परभणी जिल्ह्यात वसले आहे, तो जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात मोडत असे. तेथे वाणीवर सरकारचा पहारा होता. गश्ती क्रमांक ५३ अन्वये सभा भरवावयाची तर पूर्वपरवानगी लागे. तरीही लोक स्वस्थ बसले नाहीत. परभणीच्या गणेश वाचनालयासारख्या संस्थांनी वाचनाची ज्योत तेवत ठेवली. १९३७ साली तत्कालीन परभणी जिल्ह्यातील परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. श्री. आ. कृ. वाघमारे यांच्या 'मराठवाडा' पत्रावर बंदी येताच ते नावे बदलून पत्र काढीत राहिले. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांना तर ऑगस्ट १९४८ मध्ये लेखणीपायी प्राण द्यावे लागले.

निजामाचा पहारा उठला. परंतु पहारा जातीचाही असतो. वाळीत टाकण्याच्या धाकाने आजवर किती मुखे मिटली असतील! या अन्यायास आळा घालणारा कायदा महाराष्ट्रात २०१७ साली अंमलात आला. तथापि कायद्याने शिक्षा होते, मन मोठे होत नाही. ते काम आपले आहे. म्हणून ज्ञातिसभेत एखादा तरुण वा एखादी भगिनी पुढाऱ्यांस न रुचणारे बोलली, तरी तिचे वा त्याचे बोलणे अखेरपर्यंत ऐकून घ्यावे. पूर्वजांच्या झगड्याचे ऋण फेडण्याचा हाच मार्ग होय.